ठिणगीची वेळ

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यात दरवर्षी एका शिक्षकाने चार शब्द बोलावेत असा प्रघात आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला, मराठी आणि इतिहास शिकवणारा माणूस. तेव्हा मी इतिहासावर बोलेन अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज मी जुन्या मोटारीच्या इंजिनात ठिणगी कधी पडावी, ती चुकीच्या वेळी पडू लागली तर काय होते आणि तो दोष शोधावा कसा, यावर बोलणार आहे. या विषयातला माझा अधिकार एवढाच की, मी स्वतः एक घोडचूक करून बसलो आहे.

माझे वडील सत्तावीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवीत होते. गाडी अर्थातच पद्मिनी. ही गाडी आपल्या मुंबईचीच लेक. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० जातीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. १९६४ मध्ये 'डिलाइट' आली आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. चार सिलिंडर, १०८९ सी.सी.चे लहानसे पेट्रोल इंजिन. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आर.टी.ओ.त नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सीचा निरोप झाला. खाजगी गाड्या मात्र हौशी लोकांनी अजून जपल्या आहेत. टॅक्सी सोडल्यावर अब्बांनी ओळखीच्या एका गृहस्थाकडून अशीच एक जुनी पांढरी पद्मिनी घेतली. ती आमच्या दारात उभी असते.

आता मुख्य विषयाकडे वळू. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण सिलिंडरात ओढले जाते, पिस्टन ते दाबतो, प्लगमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि त्याच्या दाबाने पिस्टन खाली ढकलला जातो. आपण पुस्तकात वाचतो ते इथपर्यंत. परंतु मिश्रण एका क्षणात जळून जात नाही. ठिणगीपाशी ज्योत लागते आणि ती सिलिंडरभर पसरते. ह्याला वेळ लागतो. हिशेबाकरिता आपण दोन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग धरू.

विद्यार्थी मित्रहो, आता कागद-पेन्सिल घ्या. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट एका सेकंदात ४,८०० अंश फिरतो. दोन मिलिसेकंदांत तो जवळजवळ १० अंश फिरला. तेच इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेऊ लागले की सेकंदाला १८,००० अंश होतात आणि त्याच दोन मिलिसेकंदांत शाफ्ट ३६ अंश फिरून जातो. दाब सर्वांत जास्त केव्हा हवा? तर पिस्टन माथ्यावर जाऊन खाली यायला लागला की साधारण १० ते १५ अंशांवर. तेव्हा ठिणगी पिस्टन माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच पाडली पाहिजे आणि इंजिनाचा वेग वाढेल तशी ती आणखी आधी पाडली पाहिजे. ह्यालाच गॅरेजमध्ये 'टायमिंग अ‍ॅडव्हान्स' म्हणतात.

हे काम डिस्ट्रिब्युटर करतो. तो क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्या दांड्यावर चार कोपऱ्यांचा कॅम असतो. कॅमचा कोपरा आला की पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्याच क्षणी हजारो व्होल्टचा झटका प्लगकडे जातो. फियाटच्या या इंजिनात ठिणग्यांचा क्रम १-३-४-२ असा असतो. वेग वाढला की डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन लहान वजने बाहेर फेकली जातात, कॅम थोडा पुढे सरकतो आणि ठिणगी आपोआप लवकर पडते. आपल्या हाती उरते ती सुरुवातीची जागा ठरवणे. त्यासाठी डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून त्याचे अंग थोडे फिरवतात. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला अंग फिरवले तर ठिणगी उशिरा पडते. उलट दिशेला फिरवले तर लवकर.

एवढे सोपे असूनही माणूस चुकतो कुठे, ते आता सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमची गाडी आळसावली. पिकअप राहिला नाही, कर्नाळ्याच्या खिंडीत तिसऱ्या गिअरवर चढणारी गाडी दुसरा मागू लागली, पाण्याचा काटा वर जाऊ लागला, पेट्रोलही जास्त जाऊ लागले. ही सारी लक्षणे ठिणगी उशिरा पडण्याची. मिश्रण उशिरा पेटले की त्याची पुरती ताकद पिस्टनला मिळत नाही. ते खाली जाणाऱ्या पिस्टनच्या मागे धावत जळते, आणि उरलेली उष्णता पाण्यात व सायलेन्सरमध्ये जाते. मी ओळखले ते बरोबर ओळखले. 'टायमिंग लेट झाले आहे' असे मी अब्बांना ऐटीत सांगितले.

टॅक्सीच्या दिवसांत अब्बा टायमिंग कानाने लावीत. मी लहानपणी शेजारी उभा राहून पाहिले होते. इंजिन चालू ठेवायचे, बोल्ट सैल करायचा, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा आणि आवाज ऐकायचा. त्या रविवारी मीही तसेच केले. डिस्ट्रिब्युटर फिरवता फिरवता इंजिनाचा वेग वाढला, आवाज गोड झाला. जिथे सर्वांत गोड झाला तिथे मी बोल्ट आवळला. पुढच्या रविवारी पॉइंट उघडून पाहिले तर ते जळून काळे पडलेले. बाजारातून नवे आणले, फिलर गेज घालून गॅप नीट लावली, इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. मी खूश झालो.

मित्रहो, ह्यात दोन चुका आहेत. आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आल्या?

पहिली चूक अशी की, उभ्या गाडीचे इंजिन मोकळे फिरत असते. त्याच्यावर भार नसतो. अशा वेळी ठिणगी गरजेपेक्षा लवकर पाडली तरी इंजिन तक्रार करीत नाही, उलट वेग वाढवून आपल्याला खूश करते. मोकळ्या इंजिनाचा गोड आवाज हा चढावरच्या योग्य टायमिंगचा पुरावा होऊ शकत नाही. अब्बा आवाज ऐकून पुन्हा थोडे मागे घेत आणि मग गाडी चढावर नेऊन पाहत, हा उत्तरार्ध मी लहानपणी पाहिलाच नव्हता.

दुसरी चूक अधिक गंभीर. पॉइंटचा जो टाचेसारखा भाग कॅमवर घासत असतो तो झिजतो. तो झिजला की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. आमच्या गाडीचा मूळ आजार हाच होता. मी तो न पाहता आधी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी पुढे आणली, ती सुद्धा जास्तच. नंतर नवे पॉइंट घालून गॅप पूर्ववत केली, तेव्हा ती आणखी पुढे सरकली. दोन्ही चुका एकाच दिशेच्या होत्या आणि त्यांची बेरीज झाली. गॅप बदलली की टायमिंग बदलते, म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर, हा क्रम कधीही उलटा करू नये.

पुढच्या आठवड्यात लोणावळ्याला नात्यातले लग्न होते. गाडीत आम्ही पाच माणसे आणि सामान. चौक, खालापूर करीत आम्ही खोपोलीला आलो. तिथून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागलो. खोपोली ते लोणावळा म्हणजे सुमारे साडेपाचशे मीटरांची उभी चढण. शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडेच मला बॉनेटखालून एक बारीक आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढे, सोडला की थांबे. मी अब्बांकडे पाहिले. ते शेजारी बसून दरीकडे पाहत होते, चेहरा शांत. मी मनाशी म्हटले, ज्या माणसाने सत्तावीस वर्षे हे इंजिन ऐकले तो गप्प आहे, त्या अर्थी काही बिघडलेले नाही. आणि मी अ‍ॅक्सिलरेटर दाबूनच ठेवला.

त्या आवाजाला नॉकिंग म्हणतात. ठिणगी फार लवकर पडली की पिस्टन अजून वर चढत असतानाच दाब आणि उष्णता बेसुमार वाढते. मग ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपण होऊन एकदम पेटते आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा प्रहार होतो. चढावर, कमी वेगात आणि भरल्या गाडीत हे सर्वांत जास्त, कारण तेव्हा सिलिंडर मिश्रणाने पुरता भरलेला असतो.

खंडाळ्याच्या अलीकडे इंजिन तीन सिलिंडरांवर आले आणि पांढरा धूर निघू लागला. गाडी टेम्पोत घालून पनवेलला आणावी लागली. हेड उघडले तेव्हा गॅस्केट जळालेले आणि एका पिस्टनची वरची कडा तुटलेली होती. दुरुस्तीचा खर्च माझ्या एका पगारात बसणारा नव्हता. घरात एक रक्कम बाजूला ठेवलेली होती, ती त्यात गेली. ती रक्कम होती अब्बांच्या कानाच्या मशीनसाठी.

होय. त्यांना ऐकू कमी येऊ लागले होते, हे घरात सर्वांना ठाऊक होते. मोठा आवाज ते ऐकत, बारीक आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. बोरघाटात त्यांनी काहीच ऐकले नव्हते. त्यांचे मौन हा मी होकार समजलो. आवाज मी स्वतः ऐकला होता, तरीही माझ्या कानापेक्षा त्यांच्या गप्प राहण्यावर विश्वास ठेवला, कारण तसे करणे मला सोयीचे होते.

ज्या उस्तादांनी ती गाडी दुरुस्त केली त्यांनी मला रागावून काही म्हटले नाही. त्यांनी एवढेच विचारले, "सर, गाडी आळसावली तेव्हा सगळ्यात आधी काय तपासलंत?" मी म्हटले, "टायमिंग." ते म्हणाले, "तपासलं नाही, फिरवलंत." मी वर्गात मुलांना रीत न लिहिता नुसते उत्तर लिहिले म्हणून गुण कापतो. त्या दिवशी माझे गुण कापले गेले.

त्यानंतर तीन रविवार मी त्यांच्या गॅरेजवर बसून त्यांची रीत पाहिली. ती आपल्यापुढे क्रमाने ठेवतो. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना तिचा उपयोग होईल.

प्रथम विचारपूस. दोष केव्हापासून आहे, थंड इंजिनात येतो की तापल्यावर, चढावर की सपाटीवर, आणि तो येण्यापूर्वी गाडीत काय बदलले होते? अर्धे निदान इथेच होते. आळस, गरमी आणि जादा पेट्रोल असेल तर ठिणगी उशिरा पडत असल्याचा संशय घ्यावा. चढावर खडखड असेल, किंवा तापलेले इंजिन सुरू करताना स्टार्टर अडखळून उलटा धक्का देत असेल, तर ठिणगी लवकर पडत असल्याचा.

दुसरे, ज्या दोषांची सोंगे टायमिंगसारखी असतात ते आधी बाजूला काढावेत. मळलेले प्लग, तडा गेलेली डिस्ट्रिब्युटरची टोपी, झिजलेला रोटर, दुबळा कंडेन्सर, प्लगच्या तारांचा चुकलेला क्रम, कार्बोरेटरखालून हवा ओढली जाणे. पेट्रोलचाही विचार करावा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि आता त्यात इथेनॉलही मिसळले जाते. इथेनॉलने नॉकिंग वाढत नाही, पण जुन्या कार्बोरेटरच्या मापाने मिश्रण पातळ पडते, आणि पातळ मिश्रणाची गाडीही आळशीच वाटते. अशा वेळी डिस्ट्रिब्युटर फिरवीत बसणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला मलम लावणे.

तिसरे, पॉइंटची गॅप. टाच कॅमच्या कोपऱ्यावर आणून फिलर गेजने मोजावी. अशा डिस्ट्रिब्युटरांत ती अर्ध्या मिलिमीटरच्या आत-बाहेर असते. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. दांडा हाताने हलवून पाहावा. तो डुलत असेल तर बूश गेला आहे आणि मग कोणतेही टायमिंग टिकणार नाही.

चौथे, उभ्या इंजिनावर दिव्याने टायमिंग. प्लग काढले की इंजिन पान्याने हलके फिरते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा धरावा. हवा अंगठा ढकलू लागली म्हणजे पिस्टन दाबाच्या फेरीत वर येत आहे. मग पुलीवरची खूण पुस्तिकेत सांगितलेल्या अंशावर आणावी. खूण ओलांडली गेली तर बरेच मागे जाऊन पुन्हा चालीच्या दिशेने यावे, म्हणजे चेनची ढील आपल्याला फसवीत नाही. रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या तारेकडे आहे ना, तेही पाहावे. आता बारा व्होल्टचा एक साधा बल्ब घ्यावा. त्याचे एक टोक कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला येणाऱ्या तारेच्या जोडावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर लावावे. किल्ली चालू करावी. पॉइंट मिटलेले असताना बल्ब बंद असतो. ते उघडतात त्या क्षणी पेटतो. डिस्ट्रिब्युटर सावकाश फिरवून बल्ब ज्या ठिकाणी नुकताच पेटतो तिथे बोल्ट आवळावा, आणि आवळल्यावर पुन्हा एकदा तपासावे.

पाचवे, चालत्या इंजिनावर टायमिंग लाइट. पहिल्या प्लगच्या तारेतून झटका गेला की हा दिवा चमकतो आणि फिरती पुली थांबल्यासारखी दिसते. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमची डबी असेल तर तिची नळी काढून तोंड बंद करावे. मंद वेगात खूण स्थिर दिसली पाहिजे. ती थरथरत असेल तर दोष दांड्याचा. वेग वाढवल्यावर खूण पुढे सरकली पाहिजे. सरकली नाही तर वजने गंजून अडकली आहेत. एकदम उडी मारून गेली तर स्प्रिंग सैल झाली आहे. हा दोष कानाला कळत नाही आणि नुसत्या बल्बलाही कळत नाही.

सहावे आणि शेवटचे, रस्ता. ओळखीचा एकच चढ, तेच ओझे, तोच गिअर. पुस्तिकेतला आकडा त्या काळच्या पेट्रोलसाठी लिहिलेला आहे, म्हणून अंतिम निकाल रस्त्यावरच लागतो. नॉकिंग झाले तर ताबडतोब अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, आणि परत येऊन ठिणगी एक-दोन अंश मागे घ्यावी. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून ठेवावा. उस्तादांच्या वहीत तारीख, गॅप, अंश आणि चढावरची चाल असे चार रकाने आहेत. ती वही पाहून मला लाज वाटली, कारण इतकी नीटनेटकी प्रयोगवही आमच्या शाळेतही थोड्यांचीच असते.

सज्जनहो, कानाने टायमिंग लावणारे जुने लोक खोटे नव्हते. त्यांच्या कानामागे हजारो चढांचा अनुभव होता. आपल्याजवळ तो अनुभव नाही, आणि अनुभवी माणसाचा कानही एक दिवस थकतो. अशा वेळी पुलीवरची ती बारीक खूण आणि एक लहानसा बल्ब कोणाचीही भीड न ठेवता खरे सांगतात. त्यांना विचारायला लाजू नये, आणि ऐकलेला आवाज सोयीसाठी नाकारू नये. एवढेच मी तो पिस्टन गमावून शिकलो.

थोडे घरचे सांगून संपवतो. इंजिन बांधून झाल्यावर उस्तादांच्या देखरेखीखाली मी स्वतः गॅप लावली, बल्बने टायमिंग लावले, दिव्याखाली खूण सरकताना पाहिली. मग अब्बांना घेऊन कर्नाळ्याच्या खिंडीत गेलो. गाडी तिसऱ्या गिअरवर चढू लागली. अब्बांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला होता. अर्ध्या चढावर त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "वाजतंय का रे?"

लहानपणापासून हा प्रश्न मी त्यांना विचारीत आलो होतो. मी काच खाली केली, नीट ऐकले आणि मोठ्याने सांगितले, "नाही अब्बा, नाही वाजत."

त्यांचे मशीन आम्ही पाच महिन्यांनी घेतले. ते लावून सर्वांत आधी ते दारात उभ्या असलेल्या गाडीपाशी गेले आणि मला म्हणाले, "चालू कर."